सतराव्या जागेवर नाना सार्पोंग

मांपोंग,
सोमवार, ५ फेब्रुवारी २०१८

प्रिय मामा,

काय घडले ते क्रमाने लिहिते.

१. मंगळवारी, ३० जानेवारीला, दुपारी सव्वादोनला वीज गेली आणि तीन मिनिटांनी जास्त दाबाने परत आली. छापखान्यातले दोन संगणक सुरू झाले नाहीत. तिसरा सुरू झाला, पण त्याने परवान्याचा क्रमांक मागितला. तो आपल्याकडे कधीच नव्हता.

२. संगणक दुरुस्त करणाऱ्या कुमासीच्या येबोआला फोन केला. तो म्हणाला, दहा दिवसांनी येतो, तीच जुनी सीडी घेऊन.

३. सार्पोंग घराण्याचे काम शुक्रवारी द्यायचे होते: त्यांच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजींच्या अंत्यविधीची दीडशे पोस्टरे.

४. बुधवारी मी तिन्ही संगणकांच्या डिस्क काढून तपासल्या. तुमची नऊ वर्षांची कामे शाबूत होती. ती आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतली. गिऱ्हाइकांच्या पेन ड्राइव्हमधून आलेले व्हायरस चारशे बारा फायलींत होते.

५. मग तिन्ही संगणकांवर लिनक्स बसवले. ते मुक्त आहे: कुणालाही वापरता येते, आत उघडून पाहता येते, आपल्या सोयीने बदलता येते. परवाना मागत नाही. तुम्हाला विचारले नाही.

६. मोठा प्रिंटर नव्या प्रणालीत चालेना. त्यात गुरुवारचे सहा तास गेले. पाच वाजता पहिला कागद आला. जुन्या पोस्टरशी ताडून पाहिला. काळा रंग जुन्यापेक्षा चांगला आहे.

७. सार्पोंगांच्या फायलीतून शोककर्त्यांची नावे काढली तेव्हा काही दोनदा आली. दुबार नावे सापडावीत म्हणून यादी वर्णानुक्रमाने लावली आणि ती काढून टाकली. यादी पुन्हा मूळ क्रमाने लावली नाही.

८. छापण्याआधी कच्ची प्रत कागद कापणाऱ्या पोकुआमावशींना दाखवायची, हा आपला नियम. मी दाखवली नाही.

९. शुक्रवारी पोस्टरे दिली. एकोणीस नावांत धाकटे जावई आदाय पहिले आहेत. कुलप्रमुख नाना सार्पोंग सतरावे आहेत.

१०. शनिवारी सकाळपर्यंत बाजारापासून लॉरी स्टँडपर्यंत चाळीस पोस्टरे लागली होती. आदाय यांनी त्यांतल्या एकासमोर उभे राहून फोटो काढून घेतला. दहा वाजता उरलेली एकशे दहा परत आली.

ताकोरादीच्या इस्पितळात डोळ्याच्या डॉक्टरांनी तुम्हाला पडद्याकडे बघायला बंदी केली आहे आणि फोनवरचे बोलणे तुम्ही बोलणे मानत नाही, म्हणून हे पत्र ताकोरादीच्या बसचालकाकडे देत आहे. तिथे तुमच्या सोबतीला असलेल्या एफुआने वाचून दाखवावे.

तुमची भाची,
कोनादु

*

ताकोरादी,
शुक्रवार, ९ फेब्रुवारी

कोनादु,

तुझं पत्र एफुआकडून दोनदा वाचून घेतलं. पहिल्यांदा वाटलं, माझी भाची माझी थट्टा करतेय. एक, दोन, तीन, चार... अगं, मामाला पत्र लिहिलंस की पंचनामा केलास?

नानांचा फोन तुझ्या पत्राआधी येऊन गेला होता. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं होतं. शांतपणे म्हणाले, ‘आम्पोफो, तुझ्या छापखान्यात मी सतरावा आहे असं कळलं. कळवल्याबद्दल आभारी आहे.’ माझ्या हातातला केंकीचा घास ताटात पडला.

चौतीस वर्षं या गावातल्या मेलेल्यांची नावं मी छापतोय. मिशनच्या छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचो तेव्हापासून. एखाद्याचं वय चुकलं असेल, एखादीचा फोटो तिच्या बहिणीचा लागला असेल, पण जावयाला कुलप्रमुखाच्या डोक्यावर मी कधी बसवला नाही. पहिल्या पंगतीला जावई आणि घरचा वडीलधारा खरकटं काढायला!

ही तुझी फुकटची प्रणाली. फुकट ते पौष्टिक म्हणतात, त्याला आपला छापखाना हा अपवाद. तिला आपली माणसं ठाऊक नाहीत, तर तिने आपल्या माणसांची नावं लावू नयेत. जुनी होती ती चोरीची का असेना, तिने असा प्रताप कधी केला नव्हता. एफुआला येबोआशी बोलायला लावलं. तो आता १० मार्चच्या शनिवारी येतो म्हणतो. दहा दिवसांचा महिना झाला, पण येईल तेव्हा त्याला सगळं पुसू दे आणि होतं तसं करू दे. तोवर चालव, दुसरा इलाज नाही.

आणि नानांकडे जा. आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे.

माझा डोळा उत्तम आहे. डॉक्टर म्हणतात, आणखी तीन आठवडे.

मामा

*

मांपोंग,
सोमवार, १२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

आधी एक दुरुस्ती. नावांचा क्रम लिनक्सने बदललेला नाही. मी सांगितले, त्याने केले. जुन्या प्रणालीला सांगितले असते तर तिनेही हेच केले असते. तुम्ही चूक यंत्राच्या नावावर लिहिली आहे. ती माझ्या नावावर लिहा.

नानांकडे दोनदा गेले.

पहिल्यांदा मागच्या सोमवारी, तुम्हाला पत्र लिहून झाल्यावर, एकटी. लॅपटॉप घेऊन गेले होते. यादी कशी उलटली ते दाखवता येईल असे मला वाटले. मी बसले, लॅपटॉप उघडला आणि बोलू लागले. अजून पाणीही आले नव्हते. घरातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिले. नाना उठून आत गेले. त्यांच्या वतीने बोलणारे म्हातारे गृहस्थ मला म्हणाले की, मुली, तू आलीस असे आम्ही धरत नाही.

परत आल्यावर पोकुआमावशींना सांगितले. त्या कागद कापत होत्या. गठ्ठा पुरा कापला. मग म्हणाल्या, एवढे शिकून आलीस, कुणाच्या दारात तोंड कधी उघडायचे ते कॉलेजात कुठल्या वर्षाला असते? शनिवारी त्या काळे लुगडे नेसून आल्या आणि मला घेऊन गेल्या. माफीसाठी न्यायची जिनची बाटली त्यांनीच निवडली. लॅपटॉप दारात माझ्या हातातून काढून त्यांनी मागे ठेवला.

या वेळी पाणी आले. प्यायलो. येण्याचे कारण विचारले. मावशींनी सांगितले, म्हाताऱ्या गृहस्थांनी ते नानांना पुन्हा सांगितले, जरी नाना दोन हातांच्या अंतरावर बसून ऐकत होते. शेवटी नानांनी सरळ मलाच विचारले. त्यांचे शब्द असे:

‘मला सतरावा कुणी केलं? यंत्राने की तू?’

‘मी, नाना.’

‘मग परवा त्या यंत्राला साक्षीला का आणलं होतंस?’

मावशींनी हसू दाबले, ते मला दिसले. बाटली स्वीकारली गेली.

पोस्टरे पुन्हा छापायची आहेत. मी बरोबर क्रम विचारला. नाना म्हणाले, क्रम ते सांगणार नाहीत, आम्पोफोच्या छापखान्याला तो ठाऊक असतो. पण मामा, छापखान्याला तो ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या नऊ वर्षांच्या फायली मी चाळल्या. क्रम दर वेळी बरोबर आहे आणि कुठेही लिहिलेला नाही.

तो मला सांगा. एका घराण्याचा नको, नियम सांगा. कोण कुणाच्या आधी, आणि अपवाद.

कोनादु

*

ताकोरादी,
बुधवार, १४ फेब्रुवारी

कोनादु,

साक्षीला! हे ऐकून मी इतका हसलो की एफुआ नर्सला बोलवायला निघाली.

लिही. कुलप्रमुख पहिला, वर, एकटा. त्याच्या शेजारी कुणी नाही. खाली गावचा राजा आणि राणीमाता, पण घराण्याचा त्यांच्याशी संबंध असेल तरच. उगाच भाव खायला लोक राजाचं नाव घालायला सांगतात, त्यांना हो म्हणायचं आणि विसरायचं. मग मुख्य शोककर्ते: आईकडचे आधी, मेलेल्याचे भाऊ-बहिणी, मग बहिणींची मुलं. बापाकडचे त्यानंतर. मग नवरा किंवा बायको. बायका दोन असतील तर थोरली आधी, आणि थोरली कोण यावर वाद असेल तर काम घ्यायचंच नाही, तो मिटवून या म्हणायचं. मग मुलं, वयाने. मग नातवंडं, नावं नाहीत, नुसता आकडा. सगळ्यांत शेवटी जावई आणि सुना.

परदेशातल्यांच्या नावापुढे देश लिहायचा, पण नावापेक्षा मोठ्या अक्षरात नाही. मागतील. द्यायचा नाही. लॉरी युनियनचा अध्यक्ष जावयांच्या वर जागा मागतो. त्याला ‘आभार’मध्ये टाकायचं.

सत्तरीच्या पुढचा माणूस, काळी-पांढरी चौकट. सत्तरीच्या आत गेलेला, काळी-लाल. वय विचारताना तीनदा विचारायचं, कारण पहिली दोन वयं घरच्यांनी आपसात ठरवलेली नसतात.

हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

येबोआ १० तारखेला येतोय. त्यात बदल नाही.

मामा

*

मांपोंग,
गुरुवार, २२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

सार्पोंगांची दुरुस्त पोस्टरे शनिवारी दिली. सोबत एक पाठवते. नानांकडून निरोप आला, एकच वाक्य: ‘आता मी घरी आलो.’ आदाय स्वतः येऊन जुन्या पोस्टरांपैकी एक मागून घेऊन गेले. घरात लावणार आहेत. दिले.

तुमचे पत्र टेबलाशेजारी लावून मी आठवडाभर काम केले. आता स्थिती अशी आहे.

संगणक सुरू केला की पडद्यावर फक्त चार मोठी बटणे येतात, आपल्या त्वी भाषेत: नवे काम, जुने काम, फोटो, छपाई. बाकी सगळे दृष्टीआड केले आहे. नवे काम उघडले की तुमचे प्रश्न तुमच्याच क्रमाने येतात. कुलप्रमुखाचे नाव भरल्याशिवाय पुढचा रकाना उघडत नाही. जावयांचा रकाना शेवटी आहे आणि तो वर ओढता येत नाही. ओढू पाहिले तर ‘आधी आम्पोफोंना विचारा’ अशी पाटी येते. वय तीनदा विचारले जाते. तिन्ही वेळा सारखे आले तरच चौकटीचा रंग ठरतो. देशाचे अक्षर नावाच्या अक्षरापेक्षा मोठे करता येत नाही.

गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह लावला तर त्यातले फोटो घेता येतात, त्यातले दुसरे काहीही चालत नाही. तीन आठवड्यांत एकही व्हायरस नाही. काम दर दोन मिनिटांनी आपोआप जतन होते, त्यामुळे वीज गेली तर दोन मिनिटांपेक्षा जास्त नुकसान होत नाही. गेल्या आठवड्यात पाच वेळा गेली.

पोकुआमावशींना इंग्रजी वाचायला त्रास होतो, म्हणून वीस वर्षे त्या फक्त कागदांची कापणी आणि पुस्तकांची शिवण करत आल्या. मंगळवारी त्यांनी स्वतः एक पोस्टर मांडले. त्वीमधले ‘छपाई’ बटण दाबायच्या आधी हात पुसले.

हे काम चांगले झाले आहे. मी ते तपासले आहे आणि मला तसे म्हणता येते.

कोनादु

*

ताकोरादी,
मंगळवार, २७ फेब्रुवारी

कोनादु,

पोस्टर मिळालं. एफुआने खिडकीत धरलं आणि नावं वाचून दाखवली. एकोणीसच्या एकोणीस जागच्या जागी. ‘आधी आम्पोफोंना विचारा’ हे ऐकल्यापासून इथल्या वॉर्डातल्या प्रत्येक माणसाला मी ते सांगितलंय. शेजारच्या खाटेवरचा कोळी आता जेवणाआधी म्हणतो, आधी आम्पोफोंना विचारा.

काम सुंदर आहे. मी छापणारा माणूस आहे, मला कळतं. पण आता कान देऊन ऐक.

तुझ्या आईने सांगितलं, अक्राच्या कंपनीचं नोकरीचं पत्र येऊन महिना झाला. तू मला तीन पत्रं लिहिलीस. विजेचा दाब कळवलास, मिनिटं कळवलीस, हे कळवलं नाहीस. ठीक आहे. तू जाशील. जावंच, इतकी शिकलीस ती निधनाच्या पाट्या रंगवायला नाही. पण तू गेल्यावर हे कोण दुरुस्त करणार? येबोआची सीडी घाण आहे, पण ती कुमासीत चाळीस जणांना घालता येते. तुझी प्रणाली मांपोंगमध्ये एकीला येते. मिशनमध्ये आमचा एक जर्मन माणूस छपाईचं यंत्र आणून ठेवून गेला होता, फार देखणं. तो गेला, वर्षभरात त्यावर कोंबड्या बसायला लागल्या.

एकाच माणसाला उघडता येतं ते कुलूप नव्हे, ती भिंत. म्हणून येबोआ येणार. तुझा अपमान नाही यात.

डोळा उत्तम.

मामा

*

मांपोंग,
रविवार, ४ मार्च

प्रिय मामा,

तुमचा आक्षेप योग्य आहे. आजपर्यंत या प्रणालीबद्दल आलेला तो एकमेव योग्य आक्षेप आहे. त्याला शब्दांनी उत्तर देता येत नाही, म्हणून बुधवारी पत्र मिळाल्यावर मी गुरुवारी एक चाचणी घेतली.

तिसऱ्या संगणकाची डिस्क मी पूर्ण पुसली. मांडणीची सगळी माहिती पेन ड्राइव्हवर होती आणि त्वीमध्ये लिहिलेली चौदा पानांची पुस्तिका टेबलावर होती. पुस्तिका आपल्याच प्रिंटरवर छापली आणि मावशींनीच शिवली. मग पोकुआमावशींना आत बसवले आणि मी दार ओढून बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. अट अशी की मी आत येणार नाही आणि कोणत्याही प्रश्नाचे उत्तर देणार नाही.

मावशींनी आतून दोन प्रश्न विचारले. पहिला: ‘ही पट्टी अडकलीय की विचार करतेय?’ दुसरा, अर्ध्या तासाने: ‘जेवलीस का गं?’ दोन्हींची उत्तरे दिली नाहीत. समोरची भातवाली हे सगळे पाहत होती. तिने मला विचारले की, मावशीने असे काय केले म्हणून तिला कोंडून ठेवलेस?

एक तास बावन्न मिनिटांनी मावशींनी दार उघडले आणि सार्पोंगांच्या दुरुस्त पोस्टराची एक प्रत माझ्या हातात दिली. रिकाम्या डिस्कपासून छापलेल्या कागदापर्यंत. लिनक्स, चार बटणे, तुमचे प्रश्न, प्रिंटर, सगळे. मी नावे मोजली. क्रम बरोबर होता. काळा रंगही.

मग त्यांनी पुस्तिका उघडून सहावे पान दाखवले. प्रिंटर जोडण्याआधीची एक पायरी लिहायची मी विसरले होते. त्या तिथे अडल्या, मागची दोन पाने पुन्हा वाचली, काय राहिले असेल ते स्वतः शोधून काढले आणि पेनाने समासात लिहिले. म्हणाल्या, ‘शिकलेल्यांना वाटतं, जे त्यांना येतं ते सगळ्यांना दिसतं.’

चूक माझी होती आणि ती त्यांनी काढली. मामा, शाळेपासून आजपर्यंत मला बरीच प्रमाणपत्रे मिळाली आहेत. त्या समासातल्या ओळीचा मला त्या सर्वांपेक्षा जास्त अभिमान वाटला. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती शुक्रवारी छापली. तिच्यावर दोन नावे आहेत, मावशींचे आधी.

त्यांनी आता तो संगणक आपला म्हणून घेतला आहे. पडद्याच्या पार्श्वभूमीला स्वतःचा तिशीतला फोटो लावला, केंटेचे रंगीत वस्त्र नेसलेला. बटणांचा रंग मला न विचारता जांभळा केला. कसा केला ते मी विचारले तर म्हणाल्या, उघडून पाहता येते असे तूच पुस्तिकेत लिहिले होतेस ना?

तेव्हा भिंत नाही. या गावात आता हे दोघींना येते, आणि पुस्तिका वाचता येईल त्या प्रत्येकाला येईल.

आता दुसरी गोष्ट. सत्य आहे, अक्राचे पत्र आले आहे. मी ते लपवले. त्याला अजून उत्तर दिलेले नाही. त्यांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली आहे.

तुम्हीही एक गोष्ट लपवली आहे. त्या पोस्टरावरची अक्षरे बोटाएवढी आहेत आणि तुम्ही ती एफुआकडून वाचून घेतलीत. पत्रे एफुआच्या अक्षरात येतात, फक्त सही तुमची असते, आणि ती गेल्या दोन पत्रांत ओळीवरून खाली उतरली आहे. डोळा उत्तम आहे असे तुम्ही दोनदा लिहिले, आणि तुम्ही एरवी कोणतीही गोष्ट दोनदा सांगत नाही. मी त्याबद्दल काही विचारत नाही. तुम्ही परत आलात की तुमची खुर्ची आहे तिथेच असेल, आणि कच्ची प्रत तुम्हाला वाचून दाखवल्याशिवाय इथून काही छापले जाणार नाही. कच्ची प्रत आधी दाखवायचा नियम मी एकदा मोडून पाहिला आहे.

आपल्यात मामाचे सगळे वारशाने भाच्याकडे जाते. भाचीकडे जाते की नाही यावर घरात कुणी बोलत नाही, आणि मीही कधी बोलले नाही. आता बोलते. गुरुवारपर्यंत मला असे म्हणता आले असते की मी गेले तर छापखाना बंद पडेल, म्हणून मला ठेवा. ते मी स्वतःच खोटे ठरवले आहे. माझ्यावाचून हे चालते. म्हणून आता सरळ मागते: मला इथे राहायचे आहे. हा छापखाना मला चालवायचा आहे. मी तो चांगला चालवीन.

मला दोन उत्तरे हवी आहेत. शनिवारी येबोआला यायला सांगायचे की नको सांगायचे. आणि अक्राला काय लिहायचे.

मंगळवारी ६ मार्चच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीमुळे बस नाही. कृपया गुरुवारी, ८ मार्चच्या सकाळच्या बसने उत्तर पाठवावे.

तुमची भाची,
कोनादु